संत्र्याच्या सालीचा रविवार

ताय,

गेल्या रविवारी पहाटे अर्धवट झोपेत मला किसणीचा आवाज आला. संत्र्याची साल किसताना येतो तो बारीक, खरखरीत आवाज. आवाज आधी आला की वास, ते सांगता येणार नाही; दोन्ही एकमेकांत मिसळूनच आले. मी डोळे मिटून पडून राहिले. मनात म्हटलं, ताय उठली. आता ती ओव्हन लावील, मग बाहेर ओसरीच्या सोप्यावर जाऊन नदीकडे बघत उभी राहील, आणि थोड्या वेळाने मला हाक मारील, "निर्मल, ऊठ गो, टोस्ट फुगला बघ." बाहेर धुकं असणार हे खोलीत पडूनही कळत होतं, कारण फेरीबोटीचं इंजिन कापसात गुंडाळल्यासारखं वाजत होतं. देवळातली घंटा एकदा झाली. आणि मग एकदम ध्यानात आलं, की तुझं तेरावंसुद्धा होऊन गेलं आहे.

तरी मी उठले नाही. वास अजून होता. तो असेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत असं मी ठरवलं, आणि बराच वेळ तशीच पडून राहिले.

वत्सलाटीचर तुमची कोण, असं लोक विचारतात. नणंद, म्हणून सांगितलं की "असं होय" म्हणतात आणि दुसऱ्या विषयावर जातात. नणंद गेल्यावर भावजयीने किती दिवस रडायचं याचा लोकांचा एक अंदाज असतो. तो मी केव्हाच ओलांडला. आता मी त्यांच्यासमोर रडत नाही, एवढंच.

दोडामार्गाहून लग्न होऊन मी नार्व्याच्या घरात आले, तेव्हा तू माझ्याशी कामापुरतं बोलायचीस. मधूची थोरली बहीण, डिचोलीच्या शाळेत टीचर, लग्न न केलेली. मला तुझी भीतीच वाटायची. रोज सकाळी तू स्वयंपाकघराच्या दारात उभ्याउभ्या चहात पाव बुडवून खायचीस, पदर झटकायचीस आणि बसला पळायचीस. उंबरा ओलांडून आत कधी आली नाहीस. मला वाटायचं, हिला माझ्या हातचं आवडत नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, वांगी चिरता चिरता, तू सहज बोलून गेलीस, "तू नवीन आलेली. म्हटलं, निदान एक खोली तरी हिची एकटीची असू दे." मी तुझ्याकडे बघतच राहिले आणि तू म्हणालीस, "बघतेस काय, तेल तापलं."

मग मधू गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं की मी आता पणजीला आमच्या स्नेहलकडे जाणार, नाहीतर दोडामार्गाला भावाकडे. मुलगी आहे, भाऊ आहे, मग नणंदेकडे कोण राहतं? तू तेव्हा नुकतीच निवृत्त झाली होतीस. तू कोणाला हो म्हणाली नाहीस की नाही म्हणाली नाहीस. एका सकाळी नुसती स्वयंपाकघरात शिरलीस, कारण मी अंथरुणातून उठतच नव्हते.

तुझी ती पहिली पातळभाजी मला आठवते. वाटाणे दाताखाली खडखडत होते. मी दोन घास खाऊन बशी बाजूला ठेवली. तू त्या भाजीकडे अशी बघत होतीस, जशी एखाद्या हुशार मुलाच्या कोऱ्या पेपरकडे बघत असशील. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलीस. तिसऱ्या दिवशी पुन्हा. भाजी सुधारत गेली, पण मला भूकच नव्हती. जेवायचं म्हणून जेवायचे. पाववाला पोदेर भोंगा वाजवत यायचा, तू त्याचे गोल पाव, उंडे, घ्यायचीस, संध्याकाळपर्यंत ते कडक व्हायचे आणि शेजारच्या मंगलकाकीच्या गाईला जायचे.

त्या हिवाळ्यात तू म्हणालीस, "चल, मांद्र्याला जाऊन येऊया. समुद्राचा वारा घे जरा."

मी नको म्हटलं. तू पिशवी भरलीस.

विनायक सर तुझ्याच शाळेत गणित शिकवायचे, हे मला ठाऊक होतं. त्यांची बायको तरुणपणीच गेली होती. निवृत्त झाल्यावर मांद्र्याच्या घरामागे त्यांनी पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधल्या होत्या. त्यातली एक त्यांनी आपल्याला दिली. शनिवारी संध्याकाळी तुम्ही दोघं जुन्या शाळेच्या गोष्टी बोलत होता आणि मी माडांच्या पलीकडून येणारी समुद्राची गाज ऐकत झोपी गेले. कितीतरी दिवसांनी नीट झोप लागली. सकाळी जाग आली ती एका अनोळखी वासाने. गोड, किंचित कडसर, भाजलेला. मी उठून वासामागून चालत गेले, झोपेतच चालत असल्यासारखी, आणि मागच्या पडवीतल्या टेबलापाशी पोचले. सरांनी काचेचं एक पसरट भांडं टेबलावर आणून ठेवलं. पावाचे जाड काप, एकावर एक कलते लावलेले, वरून तपकिरी, कडांना साखर जळून चकाकणारी, आणि मधूनमधून सालीचे केशरी ठिपके.

"हे काय?" मी विचारलं.

"फ्रेंच टोस्ट," सर म्हणाले. "पण तव्यावरचा नव्हे, ओव्हनमधला. एक म्हातारी पाहुणी दर हिवाळ्याला यायची, तिने शिकवला. रात्रभर पाव अंडी, दूध आणि संत्र्यात भिजत ठेवायचा, सकाळी भाजायचा. बस्स."

मी घास घेतला. वरचं कुरकुरीत मोडलं आणि आत एकदम मऊ, गरम, जवळजवळ खरवसासारखं. मग जिभेच्या मागे संत्रं आलं. मी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मान वर केली तर माझी बशी रिकामी होती आणि तू स्वतःचं खायचं सोडून माझ्याकडे बघत होतीस. सरांकडे वळून विचारलंस, "रस घालता की साल?"

"दोन्ही."

"पाव कालचा?"

"कालचा. ताजा विरघळतो."

टीचर असूनही तू कागद-पेन मागितलं नाहीस. एकेक गोष्ट विचारून घेतलीस आणि परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत पुटपुटत होतीस. मला वाटलं, स्तोत्र म्हणतेस. तू अंडी मोजत होतीस.

स्नेहलने मागे हौसेने आणलेला ओव्हन दोन केक करून कपाटावर चढला होता. तो तू खाली काढलास, पुसलास, आणि ऊन लागू दे म्हणून एक दिवस खळ्यात ठेवलास. बुधवारी डिचोलीच्या बाजारातून संत्री आणलीस. शनिवारी संध्याकाळी दोन सुऱ्या, परात, किसणी असा पसारा मांडलास आणि मला म्हणालीस, "तू नुसती बसून बघ."

"ताय, आज शनिवार. आज अंडं चालत नाही आपल्यात."

"खायला चालत नाही," तू म्हणालीस. "फोडायला कोणी बंदी केली?"

मी हसले. मधू गेल्यानंतर पहिल्यांदा हसले. तू ते पाहिलंस आणि मुद्दाम पाहिलं नाहीस असं दाखवलंस.

पहिला टोस्ट वरून काळा आणि खालून पेज झाला. दुसरा कडू, कारण तू सालीबरोबर आतला पांढरा भागही किसलास. तिसऱ्या वेळी मी बसून बघितलं नाही. उठले, तुझ्या हातातून किसणी घेतली, आणि म्हटलं, "अशी दाबू नको. नुसती फिरव. रंग तेवढाच यायला हवा." त्या दिवसापासून किसणं माझ्याकडे आलं. मग भिजवणंही अर्धं माझ्याकडे आलं. आणि कधीतरी असंही झालं, की मी आपोआप सकाळी उठायला लागले. केव्हापासून, ते मला सांगता येणार नाही.

आपलं पहिलं भांडण रसावरून. मी म्हणायचे, दुधात आंबट रस घालू नको, दूध फाटतं. तू म्हणायचीस, सरांचं नाही फाटलं. मी म्हणायचे, सरांचं दूध पिशवीतलं, आपलं मंगलकाकीच्या गाईचं. एका रविवारी तुझ्या पद्धतीने व्हायचा, एका रविवारी माझ्या, नुसत्या सालीचा. ज्या दिवशी जिचा नंबर, तिने विचारायचं, "कसा झालाय?" आणि दुसरीने म्हणायचं, "बरा." यापेक्षा जास्त आपण एकमेकींना कधीच दिलं नाही. मला एकदा त्यात जायफळ घालायचं होतं, तर तू भांड्यावर हात आडवा धरलास. "जायफळ घातलंस तर तो शिरा होईल. शिरा खायचा तर शिरा कर." ताय, अजून मला वाटतं की चिमूटभर जायफळाने काही बिघडलं नसतं.

पण ते रविवार. आता आठवते तेव्हा मला त्यातला एकही रविवार दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. सगळे मिळून एकच लांबलचक सकाळ झाली आहे. नदीवर धुकं आहे, पलीकडची दिवाडी बेटाची बाजू दिसत नाही, फेरीबोट नुसती ऐकू येते आणि मग अचानक धुक्यातून बाहेर येते, तिच्यावर दोन स्कूटर आणि एक मासळीवाली. ओव्हनच्या काचेतून आतला पिवळा उजेड स्वयंपाकघराच्या जमिनीवर पडला आहे. आपण दोघी त्याच्यासमोर पाटावर बसून आत बघतो आहोत. टोस्ट हळूहळू फुगतो, कडा भांड्याबाहेर डोकावतात, आणि तू दर वेळी तेच म्हणतेस, "बघ, श्वास घेतोय." बाहेर काढल्यावर तो पुन्हा खाली बसतो. त्याला उसासा टाकल्यासारखा एक बारीक आवाज येतो. मग आपण बशा घेऊन सोप्यावर जातो, आणि धुकं विरेपर्यंत कोणीच कोणाशी बोलत नाही.

सर अधूनमधून यायचे. मांद्र्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, तिथून नार्वे, अशा बसा बदलत. येताना शहाळी आणायचे, जशी काही नार्व्याला मिळतच नाहीत. आपला टोस्ट खाऊन ते एकदाच म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगला झालाय," आणि तू त्या दिवशी दुपारभर गुणगुणत होतीस.

गेल्या वर्षी असेच येऊन गेल्यावर तू कपडे वाळत घालता घालता मला म्हणालीस, "सर विचारत होते, मांद्र्याला येतेस का म्हणून."

"मग जाऊ की. पुढच्या शनिवारी जाऊ."

"तसं नव्हे गो. कायमची."

मला कळायला वेळ लागला. "म्हणजे लग्न?"

"म्हणजे लग्न," तू म्हणालीस, आणि चादर इतकी झटकलीस की पाणी माझ्या तोंडावर उडालं. तू लाजली होतीस, ताय. साठी ओलांडलेली वत्सलाटीचर, जिच्या नुसत्या नजरेने वर्ग गप्प व्हायचा, ती ओल्या चादरीमागे तोंड लपवून उभी होती.

मला किती आनंद झाला, ते तुला नीट सांगितलंच नाही. सांगायला गेले आणि आपलं भांडणच सुरू झालं, कारण पुढच्या वाक्याला तू म्हणालीस, "मी नाही म्हणून सांगितलं."

त्यानंतर किती रविवार आपण तेच भांडण भांडलो! दर वेळी तुझं कारण नवीन. मांद्र्याला रेती फार, पिठातसुद्धा जाते. त्यांचे पाहुणे नाश्त्याला दहा वाजता उठतात, तोवर टोस्ट थंड. समुद्राला धुकं नसतं. सर घोरतात, हे त्यांनी स्वतः कबूल केलंय. या वयात सप्तकोटेश्वरासमोर अंतरपाटामागे उभी राहिले, तर देवालाच हसू येईल. एकदा तर म्हणालीस, तिकडच्या पोदेराचे उंडे मऊ असतात. मी तुझं एकेक कारण खोडून काढायचे आणि तू बशीतली साखर बोटाने चाटत ऐकायचीस.

शेवटी एके दिवशी माझा तोल गेला. चिडले की माझ्या तोंडी दोडामार्गाची बोली येते, ती आली. "माज्यासाठी रवू नको हां, ताय! मी काय लहान चेडू? तू गेलंस तर मी काय मरतलंय?"

तू जराही चिडली नाहीस. म्हणालीस, "तुझ्यासाठी कोण राहतंय? ओव्हन इथे आहे म्हणून राहते."

ओव्हन घेऊन जा म्हटलं, तर तू म्हणालीस, तो स्नेहलचा.

मी तेव्हापासून मनाशी एक ठरवत होते. स्नेहल मला केव्हाची पणजीला बोलावत होती. तिची जागा तिसऱ्या मजल्यावर, खिडकी उघडली की समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे. मला तिथे दोन दिवसांत गुदमरल्यासारखं होतं. पण मी तिकडे राहायला गेले, तर तुला नार्व्याला धरून ठेवणारं काही उरणार नव्हतं. मी स्नेहलला फोन करून सांगितलं, दिवाळी झाली की येते. तुला रविवारी सांगायचं होतं. नाश्ता झाल्यावर, तू सोप्यावर निवांत बसलेली असताना. काय बोलायचं ते मी घोकूनसुद्धा ठेवलं होतं, कारण तुझ्यासमोर खोटं बोलणं सोपं नव्हतं. मला पणजीची फार ओढ लागलीय, असं मी म्हणणार होते.

तो शनिवार. तुझा नंबर होता, म्हणजे रसाचा. मी साल किसून दिली. तू काप लावलेस, वरून दूध-अंडी ओतलीस, आणि चमच्याने पाव हलकेच दाबलेस, झोपलेल्या मुलावरचं पांघरूण सारखं करावं तसे. भांडं झाकून फ्रिजमध्ये ठेवलंस. हात धुतलेस. म्हणालीस, "जरा बसते बाहेर." मी देवापाशी दिवा लावला. बाहेर आले तेव्हा तू खुर्चीत होतीस, मान नदीकडे वळलेली, आणि तुझ्या हाताला संत्र्याचा वास येत होता. मी हाक मारली. मग पुन्हा मारली.

पहिला फोन मी सरांना केला. स्नेहलला त्यानंतर. का, ते विचारू नको, बोटं तशी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुला नेलं. चुलत पुतण्याने अग्नी दिला. अंगणात इतकी माणसं होती, तुझ्या हाताखालून गेलेली किती मुलं, आता पोटं सुटलेली, केस पिकलेली. सर एका कडेला माडाला टेकून उभे होते. त्यांना कोणी ओळखत नव्हतं. कोणी त्यांना बसा म्हटलं नाही, त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. सगळे निघाले तेव्हा तेही मागून चालत गेले.

घर रिकामं झाल्यावर मंगलकाकीने दूध ठेवायला फ्रिज उघडला. "अगो, हे काय भिजलंय? अंड्याचं दिसतंय. सुतकात घरात नको. टाकून देऊ?"

"हात लावू नको," मी म्हटलं. ती बिचारी दचकली.

मी भांडं बाहेर काढलं. पावाने सगळं पिऊन घेतलं होतं. एक थेंब सुटा राहिला नव्हता. इतका चांगला भिजलेला तो कधीच नव्हता, ताय, आणि दूध फाटलं नव्हतं. हे तुला सांगायलाच हवं होतं. रस घालूनसुद्धा दूध फाटलं नव्हतं.

भाजता येत नव्हता, टाकवत नव्हता. मी भांडं पदराखाली घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरले आणि एकेक काप नदीत सोडला. ते जरा तरंगले, मग खालून मासे आले. मागे पायऱ्यांवर दोघी-तिघी उभ्या होत्या. त्यांना वाटलं, आमच्या घराण्यातला काही विधी असेल. एकीने तर हात जोडले.

आणि मग तो गेला रविवार. वास विरल्यावर मी उठले, चहा केला, आणि दाराशी सर उभे. या वेळी शहाळी नव्हती. मी खुर्ची पुढे केली, तर ते तुझ्या खुर्चीकडे बघून पायरीवरच बसले. मी चहा घेऊन उंबऱ्यावर टेकले.

"तुम्हाला एक सांगायचं आहे," ते म्हणाले. "टीचरनी मला हो म्हटलं होतं."

"कधी?"

"झाले काही महिने. पावसाच्या आधी."

मला आधी हसूच आलं. पावसाच्या आधी! आणि त्यानंतरचे सगळे रविवार तू मला रेती, घोरणं आणि मऊ उंडे सांगत होतीस.

"मग मला का नाही बोलली?"

"म्हणाल्या, घर तयार होऊ दे. आधी सांगितलं तर निर्मल नको म्हणेल, आणि ती एकदा नको म्हणाली की संपलं." सर थांबले. "त्या एकट्या येणार नव्हत्या. तुम्हाला घेऊन येणार होत्या. तीच एक अट होती त्यांची."

माझा चहा हातातच थंड झाला.

"तुमची खोली तयार आहे," ते उठताना म्हणाले. "राहायला या असं मी म्हणत नाही. तो विषय माझ्याशी झालेलाच नाही तुमचा. पण एकदा बघून जा. त्यांनी फार मनापासून करून घेतली आहे."

म्हणून ताय, आज मी मांद्र्याला आले. एकटीच आले, बसा बदलत. आणि हे तुला तिथे बसूनच लिहिते आहे.

सरांनी दार उघडून दिलं आणि चहा आणतो म्हणून ते निघून गेले. मागच्या अंगणाला लागून एक वेगळी खोली, तिला स्वतःचं दार, स्वतःची कडी. खिडकीतून माड आणि माडांच्या फटीतून थोडासा समुद्र. आणि पुढे छोटं स्वयंपाकघर. मी ओट्यापाशी जाऊन उभी राहिले आणि मला काहीतरी चमत्कारिक वाटलं. काय ते कळेना. हात टेकले तर कोपरं अलगद ओट्यावर बसली. नार्व्याच्या ओट्याशी मी आयुष्यभर टाचा उंच करून पोळ्या लाटल्या, खांदे भरून आले की कोणाला न सांगता चोळले. मी बुटकी, आणि तो ओटा तुझ्या आईने स्वतःच्या उंचीला बांधलेला. या ओट्याशी माझे पाय जमिनीवर सपाट होते.

सर चहा घेऊन आले तेव्हा मी तशीच उभी होते.

"गवंडी म्हणत होता, हा फार खाली होतोय," ते म्हणाले. "पण टीचरनी दोरा पाठवला होता. मापाचा. म्हणाल्या, याच्या वर बोटभरही नको."

माझ्या कोपराचं माप तू कधी घेतलंस गो? मी झोपले होते तेव्हा? की ओव्हनसमोर बसलो होतो तेव्हा, मागून? आणि तू एवढी उंच. या ओट्याशी तुला कंबरेत वाकून उभं राहावं लागलं असतं, रोज सकाळी.

सर बाहेर पडवीत बसले आहेत. त्यांनी मला काही विचारलेलं नाही. मी इथे राहणार की नार्व्याला, की खरंच पणजीला, ते मला अजून कळत नाही. संध्याकाळच्या बसला वेळ आहे. समुद्राचा आवाज येतो आहे, आणि मी तुझ्यावर रागावले आहे. तू मला विचारायला हवं होतंस. पावसाच्या आधीच विचारायला हवं होतंस. मी नको म्हटलंच असतं. लोक काय म्हणतील म्हटलं असतं, रेती फार म्हटलं असतं, तुझीच सगळी कारणं तुला परत दिली असती. तू ऐकली नसतीस. मग मी बोलायची बंद झाले असते, आणि तू शनिवारी माझ्यासमोर किसणी आणून ठेवली असतीस. तोवर सर थांबले असते, थांबणारच होते. आणि आपण दोघी, ताय, अजून वर्षभर भांडलो असतो.